ऐकत नाही म्हणजे नेमकं काय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना त्याला कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) झाला होता. पहिले चार-पाच दिवस आम्ही साधा व्हायरल ताप समजून घरीच काढले. निदान झालं तेव्हा तापाचा सातवा दिवस होता. त्याआधी पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात पेशी वाढलेल्या निघाल्या. आठव्या दिवशी आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं प्रतिपिंडांचं औषध) दिलं आणि ताप उतरला. दहाव्या दिवशी त्याचा चेहरा डावीकडून लुळा पडला. हसला की तोंड उजवीकडे ओढलं जायचं, झोपेतही डावा डोळा अर्धा उघडा राहायचा. पाच-सहा आठवड्यांत ते पूर्ण बरं झालं. हृदयाचे तिन्ही इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) नॉर्मल आले, औषधंही बंद झाली.

आता शाळेतून रोज तक्रार असते. लक्ष देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, चिडतो, शेजारच्या मुलाला ढकलतो. घरीही तेच. मागून दहा हाका मारल्या तरी ढिम्म, आणि समोर जाऊन उभी राहिले की ‘काय गं आई?’ विचारतो, जणू काही झालंच नाही. हृदयावर ताण नको म्हणून मी त्याला मैदानावर फार पळू देत नाही, त्यावरूनही रोज रडारड. सासूबाई म्हणतात, आजारपणात लाडावून ठेवलंस. नवरा म्हणतो, सगळी मुलं अशीच असतात. मला मात्र खात्री वाटते की आजार मेंदूत गेला होता आणि तिथे काहीतरी कायमचं बिघडलंय. मी त्याचा एमआरआय करून घ्यावा का? शाळेत ‘मेंदूचा आजार होऊन गेलाय’ असं सांगावं का? नवऱ्याचा दोन्हीला विरोध आहे. आणि मी ते चार दिवस थांबले नसते तर हे टळलं असतं का, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर

ताई,

तुमच्या घरात तीन माणसांची तीन मतं आहेत आणि यातलं कुणाचं बरोबर ते मी सांगावं, अशी तुमची अपेक्षा दिसते. मी अजून कुणाच्याच बाजूने नाही. पत्रातल्या एका वाक्यावर मात्र मी अडकले. तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलात. मागून दहा हाका मारल्या तरी ढिम्म, समोर गेलं की लगेच उत्तर.

‘ऐकत नाही’ हे दोन शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत हे लक्षातच येत नाही. एक म्हणजे कानावर पडत नाही. दुसरी म्हणजे सांगितलेलं मानत नाही. शाळेच्या डायरीत ‘ऐकत नाही’ असा शेरा आला की आपण दुसराच अर्थ घेतो आणि मुलाला दटावायला लागतो. तुमच्या सासूबाईंनी दुसरा अर्थ घेतला, नवऱ्यानेही घेतला, आणि तुम्ही त्याच अर्थाला मेंदूचं कारण जोडलंत. पहिला अर्थ कुणी तपासून पाहिलेला दिसत नाही. कानाची तपासणी झाली असती तर इतक्या तपशिलाने लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आला असता.

हट्टी मूल समोर उभं राहिल्यावर जास्तच हट्ट करतं, ‘काय गं आई?’ म्हणून निरागसपणे विचारत नाही. लक्ष टिकत नसलेलं मूलही समोर गेल्यावर बरं ऐकतं हे खरं, म्हणून माझ्या अंदाजावर जाऊ नका. पण तपासणीचा क्रम ठरवायचा तर कान पहिले.

हे सांगताना मला एक जुनी गोष्ट आठवते आणि ती आठवताना अजूनही ओशाळल्यासारखं होतं. मी नव्यानेच बालरोगतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं होतं. पाच वर्षांची एक मुलगी आली. खुर्चीवर बसायची नाही, प्रश्नाला उत्तर द्यायची नाही, माझ्या मागे ठेवलेल्या खेळण्यांकडे बघत राहायची. मी कागदावर ‘हट्टी, सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळी झाले. आई काहीच बोलली नाही. निघताना तिने मुलीचा खांदा हलकेच दाबला, मुलगी वळली, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि शहाण्यासारखी चालू लागली. दार बंद झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो खांदा दाबणारा हात माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हुशार होता. त्या मुलीच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. कावासाकीशी तिचा काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच ती गोष्ट इथे सांगतेय. तुमच्या मुलाच्या कानातही तसंच काही साधं निघू शकतं. या वयात कमी ऐकू येण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण तेच आहे आणि त्यावर उपाय आहे.

पण कावासाकीचाही कानाशी संबंध आहे, आणि तो डॉक्टरांकडूनही सुटतो. हा आजार म्हणजे मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांचा दाह. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी असं पहिलं मूल १९६१ मध्ये पाहिलं आणि तशा ५० मुलांची नोंद १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. लालबुंद डोळे, भेगाळलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले तळहात-तळपाय, मानेत गाठ, आणि दोन-तीन आठवड्यांनी बोटांच्या टोकांची निघणारी साल, हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलंय, मी काय सांगणार. या आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगण्याचा धोका असतो, त्यामुळे सगळ्यांची नजर इकोवर खिळलेली असते. ते योग्यच आहे. वेळेवर उपचार नाही मिळाला तर साधारण चारांतल्या किंवा पाचांतल्या एका मुलात त्या धमन्यांवर परिणाम होतो. उपचाराने हे प्रमाण शंभरात चार-पाचांपर्यंत खाली येतं.

या सगळ्यात मज्जासंस्था मागे पडते. आजाराच्या दिवसांत काही मुलांची ऐकण्याची क्षमता कमी होते. बहुतेकांत ती घट सौम्य असते आणि आपोआप भरून येते, थोड्यांत मागे राहते. त्यात सुरुवातीला जी जास्त मात्रेची ॲस्पिरिन देतात, तिनेही कानात आवाज येणं, थोडं कमी ऐकू येणं असं होऊ शकतं. तो परिणाम औषध बंद केल्यावर जातो. साडेतीन वर्षांचं मूल ‘मला एका कानाने कमी ऐकू येतंय’ असं सांगत नाही. त्याला वाटतं जग असंच असतं. आणि घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर पुढच्या इकोची तारीख ठळक लिहिलेली असते, कानाची तारीख मी तरी क्वचितच पाहिलीय.

एका कानाने कमी ऐकू येणारं मूल शांत खोलीत अगदी नीट वागतं. गडबडीच्या वर्गात मात्र त्याची दमछाक होते. आवाज कुठून आला ते कळत नाही, म्हणून ते भलतीकडे बघतं आणि इतर मुलं हसतात. दिवसभर कान टवकारून बसल्यामुळे संध्याकाळपर्यंत ते थकून चिडचिडं होतं. आता एक बघा: वर्गात ज्याला तो ढकलतो तो मुलगा त्याच्या कुठल्या बाजूला बसतो? ज्या बाजूने आपल्याला ऐकू येत नाही त्या बाजूने कुणी अचानक अंगाशी आलं तर मोठी माणसंही दचकून ढकलतात. कदाचित याचा काही संबंध नसेल. पण शिक्षकांना विचारून बघण्यासारखं आहे.

घरी एक खेळ खेळून पाहा. तो बसलेला असताना त्याच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा. एका कानाच्या तोंडाशी असलेला मऊ उंचवटा बोटाने हलकेच दाबून चोळत राहा म्हणजे तो कान बंद होईल. मग दुसऱ्या बाजूने कुजबुजत एखाद्या प्राण्याचं नाव घ्या आणि त्याला तेच नाव परत म्हणायला सांगा. पाच-सहा नावं झाली की बाजू बदला. नावंही बदला, नाहीतर पठ्ठा पाठ करून ठेवतो. एका बाजूला सगळी नावं बरोबर आणि दुसऱ्या बाजूला ‘काय? काय?’ असं झालं तर तुम्हाला दिशा मिळाली. दोन्हीकडे बरोबर आलं तरी तपासणी रद्द करू नका, हा खेळ आहे, चाचणी नाही. खरी चाचणी ऑडिओमेट्री. सहा वर्षांचं मूल हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबून ती नीट देऊ शकतं. सोबत टिम्पॅनोमेट्री करून घ्या, पडद्यामागे पाणी आहे का ते त्यात कळतं. दोन्हीत सुई नाही, भूल नाही. सुयांची धास्ती घेतलेल्या मुलाला हे आधी सांगून ठेवा.

आता मेंदूकडे येते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे.

चेहरा लुळा पडलेला पाहून तुम्हाला अर्धांगवायू आठवला असणार. पण तुम्ही स्वतःच एक निरीक्षण लिहिलंय जे या भीतीच्या विरोधात साक्ष देतं: झोपेत डावा डोळा अर्धा उघडा राहायचा. कपाळाच्या आणि पापणी मिटण्याच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात. म्हणून मेंदूत एका बाजूला इजा झाली तर गाल आणि ओठ लोंबतात, पण कपाळाला आठ्या पडतात आणि डोळा बऱ्यापैकी मिटतो. डोळाच मिटत नसेल तर बिघाड सहसा मेंदूबाहेर, चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसेत असतो. कावासाकीत चेहऱ्याच्या नसेचा असा तात्पुरता लुळेपणा थोड्या मुलांत दिसतो, बहुधा एकाच बाजूला, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पूर्ण जातो. तुमच्याकडे अगदी तसंच झालं. ज्या मुलांत तो होतो त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांवर परिणाम होण्याचं प्रमाण जास्त आढळतं, म्हणून त्यांचे इको अधिक काळजीने बघतात. तुमचे तिन्ही नॉर्मल आलेत.

जाता जाता एवढंच, की ही नस कानाच्या आतूनच, ऐकण्याच्या यंत्रणेला जवळजवळ खेटून जाते. डाव्या बाजूची नस दुखावली होती, तेव्हा डावा कान तपासायला हे आणखी एक निमित्त.

मग पाठीतल्या पाण्यातल्या पेशी. फाईलवर कुणीतरी ‘मेंदूज्वर’ लिहिलं असेल आणि तो शब्द तुमच्या मनात रुतून बसला असेल, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे जंतूंनी पोखरलेला मेंदू उभा राहतो. कावासाकीत जे होतं ते तसं नसतं. मेंदूभोवतीच्या आवरणालाही दाहाची झळ लागते, पाण्यात पांढऱ्या पेशी वाढतात, पण जंतू नसतात. कावासाकीच्या ज्या मुलांचं पाणी तपासलं जातं, त्यांतल्या बऱ्याच जणांत, साधारण तिसऱ्या हिश्शात किंवा त्याहून जास्त, अशा पेशी सापडतात. मुलं त्या दिवसांत जी भयंकर किरकिर करतात, उचलून घेतलं तरी रडतात आणि खाली ठेवलं तरी रडतात, तिच्यामागे हेही कारण असावं असं मानतात. मूळ आजार शमला की हा दाहही शमतो. वेगळी अँटिबायोटिक लागत नाही आणि सहसा मागे काही राहत नाही.

मेंदूला खरोखर धक्का देणाऱ्या गोष्टी कावासाकीत होऊ शकतात का? होऊ शकतात. झटके, तोल जाणं, भान हरपणं, आणि फार क्वचित मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा. पण त्या लपून राहत नाहीत. त्या आजाराच्या ऐन भरात किंवा लगेच मागोमाग दिसतात, आणि अडथळ्याचा प्रकार मुख्यतः अशा मुलांत होतो ज्यांच्या हृदयाच्या धमन्या फुगलेल्या आहेत. अडीच वर्षं गप्प बसून मग शाळेतल्या चिडचिडीच्या रूपाने वर येणं ही त्यांची चाल नाही.

म्हणून एमआरआयबद्दल माझं मत: आज नको. तुमच्या नवऱ्याला वाटतं तसा तो फुकटचा उपद्व्याप आहे म्हणून नाही. तुम्ही जो प्रश्न विचारताय त्याचं उत्तर त्यात मिळत नाही म्हणून. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. मूल का चिडतं, ते त्या चित्रात उमटत नाही. या वयाचं मूल तेवढा वेळ निश्चल पडून राहत नाही, त्यामुळे बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते. शिवाय अशा तपासणीत कधी कधी एखादा निरुपद्रवी ठिपका सापडतो, जो निरोगी माणसांतही असतो, आणि मग तो ठिपका घरात ठाण मांडून बसतो. त्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडून, गरज वाटली तर मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून, अर्धा तास नीट तपासणी करून घ्या. चालणं, एका पायावर उभं राहणं, हाताची पकड, डोळ्यांच्या हालचाली, बोलणं. त्यात काही वावगं दिसलं तर तेच एमआरआय सांगतील आणि तेव्हा तो जरूर करा.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र या सदराच्या सल्ल्याची वाट बघू नका: झटका येणं किंवा काही क्षण नजर थिजून प्रतिसाद बंद होणं, एका बाजूचा हातपाय कमजोर पडणं, आधी येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य हरवणं, चालताना तोल जाणं, पहाटेच्या डोकेदुखीसोबत उलट्या, चेहरा पुन्हा वाकडा होणं. एकाएकी हातपाय लुळे पडले, बोबडी वळली किंवा झटका थांबत नसेल तर थेट इमर्जन्सीत.

समजा कान ठीक निघाला आणि मेंदूची तपासणीही ठीक झाली. मग? मग सासूबाई जिंकल्या असं समजायचं का? मुळीच नाही.

कावासाकी झालेल्या मुलांच्या वागण्याचा अभ्यास काही गटांनी केला आहे. काहींना या मुलांमध्ये त्यांच्या भावंडांपेक्षा किंवा इतर मुलांपेक्षा लक्ष, भीती आणि चिडचिडीच्या तक्रारी जास्त आढळल्या, काहींना असा फरक दिसला नाही. जिथे दिसला तिथेही तो दाहामुळे, की दवाखान्यातल्या अनुभवामुळे, की त्यानंतर घरात बदललेल्या वातावरणामुळे, हे वेगळं काढणं अवघड. मला स्वतःला या तिन्हींची थोडीथोडी भेसळ वाटते. साडेतीन वर्षांच्या पोराला चार जणांनी धरून पाठीत सुई टोचलेली आहे. त्याला ते गोष्टीसारखं आठवत नसेल, पण कुणी मागून धरलं, कुणी अचानक दंड पकडला, तर त्याचं अंग ताठ होत असेल. दवाखान्याच्या वासाने, पांढऱ्या कोटाने, झोपेतून उठवल्यावर तो बिथरतो का, एवढं बघा. बिथरत असेल तर मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे काही सत्रं घेतल्याने पुष्कळ फरक पडतो. खेळण्यातल्या डॉक्टर किटने बाहुल्यांना सुया देत बसणं हासुद्धा उपचारच असतो, हसू नका.

आणि आता जरा टोचेल असं बोलते. १९६४ मध्ये मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोलनिट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. जे मूल मरणाच्या दारातून परत आलं असं आईवडिलांना वाटलेलं असतं, ते पुढे ठणठणीत झालं तरी त्यांच्या नजरेत नाजूकच राहतं. त्याला जपलं जातं, त्याला नाही म्हटलं जात नाही, त्याच्या प्रत्येक शिंकेकडे संशयाने बघितलं जातं. आणि मुलाला ती नजर कळते. मग ते रात्री एकटं झोपत नाही, शाळेत अस्वस्थ राहतं, अंगात येतं तसं वागतं. यात लाडाचा प्रश्न नाही. भीतीचा आहे, आणि ती भीती तुमच्यात कुठून आली हे मला पूर्ण कळतं.

पण मैदानाचं मात्र मला पटलं नाही. ज्या मुलाच्या धमन्या कधीच फुगल्या नाहीत, ज्याचे इको नॉर्मल आहेत आणि ज्याचं औषध बंद झालंय, त्याला पळण्या-खेळण्यावर बंधन घालायचं कारण नसतं. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून ‘त्याला इतर मुलांसारखं पळू देऊ ना?’ एवढंच विचारा. ‘हो’ मिळालं की त्याच संध्याकाळी सोडा. सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर बसवून ठेवलं तर ते कुणालातरी ढकलणारच. त्यासाठी कावासाकी व्हावा लागत नाही.

शाळेत काय सांगायचं? ‘मेंदूचा आजार होऊन गेलाय’ हे वाक्य नको, कारण ते खरं नाही, आणि एकदा उच्चारलं की पुढची पाच-सहा वर्षं प्रत्येक इयत्तेत त्याच्याआधी पोहोचेल. तुमच्या नवऱ्याचा विरोध इथे रास्त आहे. पण काहीच न सांगणंही बरोबर नाही, कारण मग शिक्षकांकडे ‘हट्टी’ हा एकच शब्द उरतो. मी असं सांगितलं असतं: ‘लहानपणी त्याला एक मोठा आजार होऊन गेला, त्यातून तो बरा झालाय. त्याच्या ऐकण्याची तपासणी आम्ही करतोय. तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवाल का, आणि काही सांगताना आधी नाव घेऊन, त्याने तुमच्याकडे बघितल्यावर सांगाल का?’ यात निदान नाही, शिक्का नाही, फक्त काय करायचं ते आहे. शिक्षकांना तेच हवं असतं. दोन आठवड्यांनी विचारा, काही फरक पडला का. नुसतं पुढे बसवल्याने तक्रारी निम्म्या झाल्या तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

घरीही तोच नेम ठेवा. स्वयंपाकघरातून हाक नको. जवळ जा, खांद्याला हात लावा, चेहरा वळला की बोला. हे सासूबाईंनाही सांगा, आणि सांगताना ‘तुमचं चुकलं’ हा सूर नको. ‘त्याला कदाचित ऐकूच येत नसेल’ एवढं म्हटलं की आज्यांचा राग कसा विरघळतो ते मी बऱ्याचदा पाहिलंय.

डॉक्टरांकडे जाताना तोंडी इतिहास सांगत बसू नका. जुनी फाईल न्या: डिस्चार्जचा कागद, पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट, तिन्ही इको, आयव्हीआयजी दिल्याची तारीख. शिवाय दोन आठवडे एका वहीत टिपा, तो कधी चिडला, त्याआधी काय झालं, खोलीत आवाज किती होता, बोलणारा कुठे उभा होता. मागून हाक मारतानाचा मोबाईलवरचा छोटा व्हिडिओ तर दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा भारी.

आयव्हीआयजीची तारीख मी मुद्दाम मागितली. त्यानंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलतात, कारण त्या औषधातल्या प्रतिपिंडांमुळे लस नीट लागू पडत नाही. पुढे ढकललेली लस नंतर विसरली जाते, हे फार होतं. तुमच्याकडे कार्ड उघडून बघा. गालगुंडाने एका कानाचा बहिरेपणा येऊ शकतो, म्हणजे हा मुद्दाही फिरून कानापाशीच येतो. ज्या वाचकांच्या मुलांचं ॲस्पिरिन अजून चालू आहे त्यांच्यासाठी: मुलाचा फ्लू किंवा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण त्या तापात ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेय सिंड्रोम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आणि तापासाठी आयब्युप्रोफेन आपल्या मनाने देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम बिघडतं.

शेवटी ते चार दिवस. कावासाकीच्या निदानाची पुस्तकातली पहिलीच अट पाच दिवसांचा ताप ही आहे. जगभरातले डॉक्टरसुद्धा चौथ्या दिवशी बहुधा ‘व्हायरल’च म्हणतात, मीही म्हटलंय. लक्षणं एकदम येत नाहीत, एक जातं तेव्हा दुसरं उगवतं. आयव्हीआयजी दहा दिवसांच्या आत द्यावं असा संकेत आहे, तुमच्या मुलाला ते आठव्या दिवशी मिळालं. त्याच्या धमन्या वाचल्या. चेहऱ्याची नस आणि पाण्यातल्या पेशी या आजाराच्या स्वभावातल्या गोष्टी, त्या तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठणाऱ्यांच्या मुलांतही होतात. रात्री हा हिशोब पुन्हा मांडावासा वाटला तर आठ हा आकडा घेऊन मांडा, चार घेऊन नको. आणि तरी झोप लागत नसेल तर स्वतःसाठीही समुपदेशकाची वेळ घ्या. आजारी मुलाच्या आईची तपासणी कुणी करत नाही.

ऑडिओमेट्री झाली की एक तक्ता हातात मिळेल. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. वरच्या बाजूला, वीसच्या रेघेच्या आत असतील तर उत्तम, जितक्या खाली तितकं मोठ्याने बोलावं लागतं. निळ्या फुल्या कुठे पडल्या ते मला कळवा.